बाळ गेलं की आईचं नाव यादीतून जातं : बीड जिल्ह्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण एकाच घरचं नाही. अकरा-बारा आठवड्यांचं, चांगलं अंगावर पिणारं बाळ रात्री झोपवलं आणि पहाटे गेलेलं सापडलं, असं मराठवाड्यातल्या वाड्यावस्त्यांवर घडतं. त्यानंतर त्या घरांत जे जे होतं, ते एकत्र जुळवून हे एक घर उभं केलं आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. आशाताई, परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी, अंगणवाडीताई आणि अशा घराला जवळचे असलेले नातेवाईक यांना उपयोग व्हावा म्हणून ते मांडतो आहोत.

घर आणि ती रात्र

आई बावीस वर्षांची, मामाच्याच मुलाला दिलेली. पहिली मुलगी चार वर्षांची, दुसरा हा मुलगा. ऑक्टोबरच्या अखेरीस ग्रामीण रुग्णालयात जन्मला, छत्तीस आठवड्यांचा, वजन 2.1 किलो. बापाने ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली होती. बायको ओली बाळंतीण म्हणून भावकीतला एक पोरगा सोबत घेऊन तो टोळीबरोबर कर्नाटकात फडावर गेला. घरी सासू, सासरा, आई आणि दोन लेकरं.

आशाताईच्या सहाही गृहभेटी झाल्या होत्या : 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. बेचाळिसाव्या दिवशी वजन 3.3 किलो भरलं. जानेवारीत, दहा आठवड्यांचा असताना, मंगळवारी अंगणवाडीत लसीचा दुसरा डोस झाला. त्या रात्री थोडा ताप आला, बुधवारी उतरला. शुक्रवारी रात्री दोनच्या सुमारास आईने पाजलं आणि आपल्या व सासूच्या मधे एका वाकळीखाली झोपवलं. पहाटे साडेपाचला हात लागला तर अंग गार, ओठ निळे, तोंडाशी दुधाचा फेस.

पहिला दिवस

मोटारसायकलवर बाळ तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी नाडी बघून सांगितलं, "दूध श्वासनलिकेत गेलं." एवढंच बोलून पुढे पाठवलं. या एका वाक्याने पुढचे सहा महिने खाल्ले. आई रात्री झोपून पाजत होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. निकाल तिथंच लागला.

बाळाच्या श्वासनलिकेत दूध सापडणं हे मृत्यूचं कारण असेलच असं नाही. शेवटच्या क्षणी, किंवा छाती दाबून जीव आणायचा प्रयत्न होताना, पोटातलं दूध वर येतं आणि नळीत उतरतं. शवविच्छेदनातही या एका खुणेवरून कारण ठरवत नाहीत. डॉक्टरने त्या वेळी एवढंच म्हणायला हवं होतं : "बाळ गेलंय. का गेलं ते आत्ता सांगता येत नाही."

लसीनंतर चार दिवसांत मृत्यू, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला तो लसीकरणानंतरची गंभीर घटना म्हणून जिल्ह्याला कळवावाच लागतो. अशा घटनेत शवविच्छेदनाचा आग्रह धरतात. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद घेतात (आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174, जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194), पंचनामा करतात. घरच्यांना यातलं काही ठाऊक नसतं. दारात खाकी गाडी आली की वस्तीला एकच कळतं : पोरीवर केस झाली.

इथं कुणीतरी एकाने, शक्यतो आशाताई किंवा गावातल्या शिकलेल्या नातेवाइकाने, चार गोष्टी धराव्यात. एक, ही नोंद म्हणजे गुन्हा नव्हे, हे सासऱ्याला आणि गल्लीतल्या दोन मोठ्या माणसांना वेगळं बसवून सांगायचं. दोन, बाईचा जबाब पोलिसांनी तिच्या राहत्या घरीच घ्यायचा असतो, तिला ठाण्यात बोलवायचं नसतं. जबाब चालू असताना शेजारी एक बाई बसू द्यावी. तीन, नोंदीचा क्रमांक, ठाण्याचं नाव आणि तारीख कागदावर लिहून घ्यायची, कारण पुढचा प्रत्येक अहवाल त्याच क्रमांकावर मिळतो. चार, शवविच्छेदनाआधी आईला बाळ मांडीवर घेऊ द्यायचं. हे चौथं सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. "बघू नको, मनावर परिणाम होईल" म्हणून बाईला आत बसवतात आणि बाप्ये परस्पर माती देऊन येतात. मग ती महिनोन् महिने विचारत राहते, अंगात काय घातलं होतं, तोंड कुणीकडं केलं होतं. बघायचं की नाही हे तिला विचारावं. "नको" म्हणाली तर जबरदस्ती नाही.

108 ही रुग्णासाठीची गाडी आहे, मृतदेह नेण्यासाठी नाही. परत यायला शववाहिका मिळते का, ते शवविच्छेदन चालू असतानाच रुग्णालयात विचारून ठेवावं. नाहीतर संध्याकाळी जीपवाला मागेल ते भाडं.

बाप दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. तोवर माती झाली होती. थांबता आलं असतं. शवागारात एक रात्र ठेवायची विनंती कुणी केलीच नाही.

"मत राखून ठेवले"

शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात बाहेरून इजा नाही, हाड मोडलेलं नाही, आणि खाली "व्हिसेरा राखून ठेवला, मत राखून ठेवले" असं होतं. सासऱ्याने त्याचा अर्थ लावला : डॉक्टर काहीतरी लपवतोय. खरं तर एवढाच अर्थ असतो की डोळ्यांनी दिसेल असं कारण सापडलं नाही. अवयवांचे तुकडे रासायनिक आणि सूक्ष्मदर्शक तपासणीला गेले आहेत, ते आल्यावर मत देऊ. प्रयोगशाळेकडून उत्तर यायला महिने लागतात आणि ते आपणहून घरी येत नाही. ठाण्यात अर्ज देऊन मागावं लागतं.

एक वर्षाखालचं बाळ झोपेत अचानक गेलं आणि शवविच्छेदन, जागेची पाहणी, आजाराचा सगळा इतिहास तपासूनही कारण सापडलं नाही, तर त्याला अर्भकाचा आकस्मिक अनाकलनीय मृत्यू म्हणतात. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात हे सर्वांत जास्त दिसतं, सहा महिन्यांनंतर क्वचित. मुदतीआधीचा जन्म, कमी वजन, पालथं झोपवणं, मऊ किंवा जड अंथरूण-पांघरूण, घरातला तंबाखूचा धूर, अति गरमी यांनी धोका वाढतो. धोका वाढणं म्हणजे कारण ठरणं नव्हे; असं झोपवलेली बहुतेक बाळं सुखरूप वाढतात. बाळ दोघींच्या मधे दबलं का, हे शवविच्छेदनात बहुतेक वेळा सांगता येत नाही. म्हणून "अंगाखाली चिरडलं" हे वाक्य कुणालाच खात्रीने म्हणता येत नाही, आणि "तसं काही झालंच नाही" हेही शपथेवर सांगता येत नाही. आईला खोटा दिलासा देऊ नये. "तपासात इजा दिसलेली नाही, आणि तू जशी झोपवायचीस तशीच या वस्तीतली प्रत्येक बाई झोपवते," हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

लसीचं काय?

त्या आठवड्यात वस्तीवरच्या सात घरांनी लस नाकारली. या वयात डोस चार-चार आठवड्यांनी असतात (6, 10, 14 आठवडे) आणि आकस्मिक मृत्यूंचं शिखरही नेमकं याच वयात येतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी शेजारी येणं अटळ आहे. लस घेतलेल्या बाळांत असे मृत्यू जास्त होतात असं अभ्यासांत आढळलेलं नाही. पण हे सातव्या दिवशी माईकवर सांगितलं तर कुणी ऐकत नाही. इथं परिचारिकेने बरोबर केलं : त्याच दिवशी त्याच बॅचची लस घेतलेल्या प्रत्येक बाळाच्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन ताप, दूध पिणं, श्वास पाहिला आणि तसं नोंदवलं. तेवढंच वस्तीला पटलं. मेलेल्या बाळाच्या अंगणात उभं राहून लसीची बाजू मांडायची नसते. जिल्हा समितीची तपासणी होईल, तिचा निष्कर्ष तुम्हाला सांगायला मी स्वतः येईन, असं म्हणून निघावं. आणि मग खरंच जावं.

दूध

तिसऱ्या दिवसापर्यंत या बाईच्या छातीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. अकरा आठवडे पाजणारी बाई. दूध काय बातमी ऐकून थांबत नाही. शेजारचं लेकरू रडलं की पदर भिजायचा. सासूने जुन्या लुगड्याची पट्टी करून छाती आवळून बांधली. चौथ्या दिवशी 102 ताप, डाव्या बाजूला लाल, कडक, दुखरा पट्टा. गाठ तुंबून संसर्ग झाला होता.

आवळून बांधणं हीच चूक. सैल नाही आणि काचणारंही नाही असं अंगाला बसणारं कापड घालावं. फार ताठल्यावर, आराम पडेल एवढंच, दोन-चार मिनिटं हाताने दूध काढावं. पूर्ण रिकामी केली तर पुन्हा भरते. अजिबात काढलं नाही तर गाठ होते. दर एक-दोन दिवसांनी काढण्याच्या वेळा कमी करत न्याव्यात. गार पाण्याच्या फडक्याने दहा-पंधरा मिनिटं शेकावं. दुखलं तर पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास. पाणी कमी करायचं नाही. दीड-दोन आठवड्यांत बहुतेकींचं दूध आटतं. थंडी वाजून ताप आला किंवा लाल पट्टा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर : प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स लागतो आणि त्या काळात दूध काढणं थांबवायचं नसतं. उशीर झाला तर पू होऊन चिरा द्यावा लागतो. दूध बंद करायची गोळीही असते, पण बाळंतपणात बीपी वाढलेल्या किंवा मानसिक आजार झालेल्या बाईला ती धोक्याची ठरू शकते. मेडिकलमधून परस्पर आणू नये.

काढलेलं दूध कुठे टाकायचं, हा प्रश्न बाया दबक्या आवाजात विचारतात. मोरीत ओतायला हात धजत नाही. झाडाच्या बुंध्याशी घातलं तरी चालतं. हसू नये.

अंगावर पाजणं थांबलं की पाळी आणि गर्भधारणा काही आठवड्यांत परत येऊ शकते, हे या गडबडीत राहून जातं. "लवकर दुसरं होऊ द्या, विसरंल" हा सल्ला तर तेराव्याच्या आत मिळतो. आधीच्या बाळंतपणापासून पुन्हा दिवस राहीपर्यंत दोन वर्षांचं अंतर शरीराला बरं, आणि निर्णय दोघांनी करायचा. तोवर काहीतरी साधन हवं. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. तांबी बसवता येते. दुसरं बाळ गेलेल्या घरात नसबंदीचा विषय काढणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र थोपवावं.

यादी

आता मूळ अडचण. आशाताईला या घरी जायला सरकारी कारण होतं ते बाळ. बेचाळीस दिवसांपर्यंतच्या भेटींचे मिळून 250 रुपये, पुढे 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांच्या भेटींचे प्रत्येकी 50. बाळाचं नाव खोडलं की भेटी संपतात, मानधन संपतं, वहीतली ओळ संपते. आईसाठी वेगळी ओळ नाही. मृत्यूची खबर 24 तासांत वर जाते, काही आठवड्यांनी बालमृत्यू अन्वेषणाचा फॉर्म भरायला लोक येतात, आणि त्यानंतर सरकारी माणूस त्या उंबऱ्यावर येत नाही. यंत्रणा बाळासाठी आखली, आई तिच्या फटीतून खाली गेली. याला कुणाचा दुष्टपणा लागत नाही.

म्हणून आधार शोधायचा म्हणजे नवी संस्था शोधत हिंडायचं नाही. बीड-परभणीच्या वस्तीवर अशा आयांचा गट सहसा नसतोच. आहेत त्या माणसांना तारखा वाटून द्यायच्या. या प्रकरणात उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने वहीच्या मागच्या पानावर आखलं : तिसरा दिवस आणि दहावा दिवस आशाताई, छातीचं दुखणं आणि झोप यासाठी, तिसरा आठवडा परिचारिका, सहावा आठवडा स्वतः, प्रश्नावली घेऊन, तिसरा महिना आशाताई, आणि बाळाच्या जन्माची व मृत्यूची तारीख, वर्ष भरेल तेव्हा. सात ओळी. पैसे नाहीत, हे खरंच आहे, म्हणून बहुतेक भेटी दुसऱ्या कामाला जोडल्या.

दुसरं, बाळाचं नाव सगळीकडून नीट काढायचं, म्हणजे मृत्यूची नोंद घालायची : माता-बाल नोंदीत, लसीकरणाच्या ॲपवर, अंगणवाडीच्या ट्रॅकरवर. हे न झाल्याने चौदाव्या आठवड्याच्या डोसचा मेसेज त्या बाईच्या फोनवर येतो. या घरी आला.

अन्वेषणाच्या फॉर्मबद्दल. तिघे जण जीप घेऊन, गळ्यात कार्डं घालून गेले की ती चौकशी वाटते. दोघी जाव्यात, एक ओळखीची. आधी तिला सुरुवातीपासून तिच्या शब्दांत सांगू द्यावं, मग रकाने भरावेत. झोपवण्याबद्दलचे प्रश्न सासूलाही विचारावेत, नाहीतर आरोपी एकटी आईच ठरते.

घरातलं बोलणं

दहाव्या दिवशी आशाताई गेली तेव्हा सून चुलीपुढं बसलेली आणि सासू शेजारणीला सांगत होती, "ही झोपंची लई जड." एका देवरशाने करणी सांगून बोकड मागितला होता. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव काढल्यावर तो पुन्हा फिरकला नाही. सासू मात्र कायद्याने गप्प बसत नाही. तिच्यापाशी वेगळं बसावं लागलं. बाळ तिच्याही कुशीत होतं. वाकळ तिनंच ओढली होती. ती सुनेला बोलत होती कारण स्वतःला बोलणं सोसत नव्हतं. हे बाहेर पडल्यावर टोमणे बरेच कमी झाले, पूर्ण थांबले नाहीत. मारहाण किंवा हाकलून देण्यापर्यंत गेलं असतं तर 181 ही महिला हेल्पलाइन आणि जिल्ह्याचं सखी केंद्र (पीडित बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) हा रस्ता होता.

तान्ह्या बाळाचा दुखवटा बऱ्याच घरांत धड पाळतच नाहीत. माती देतात, सुतक थोडक्यात फेडतात आणि चारचौघी बोलायला यायच्या त्याही "एवढंसं तर होतं" म्हणून येत नाहीत. आलेल्या बोलतात तेही ठरलेलं : एक आहे की, देवाला आवडलं, तू अजून लहान आहेस. त्यापेक्षा "नाव काय ठेवलं होतं?" विचारावं. बारसं झालं होतं, नाव होतं. दोन आठवडे ते कुणी उच्चारलं नव्हतं. झोळी सोडायची, दुपटी-टोपडी वाटायची की ठेवायची, हेही तिलाच विचारायचं. इथं मावशीने मायेनेच सगळं उचलून नेलं होतं. एक टोपडं परत आणून द्यावं लागलं.

चार वर्षांच्या मुलीला "बाळ झोपलंय" सांगितलं गेलं. ती रात्री झोपेना. लहान मुलाला सरळ सांगावं : बाळ मेलं, त्याचा श्वास थांबला, ते परत येणार नाही, तू काही केलेलं नाहीस, आणि तू झोपलीस तरी उठणार आहेस.

बापाला नवव्या दिवसापासून मुकादमाचे फोन. अर्धा कोयता (तोडणीच्या जोडीतला एक माणूस) पडून, रोजचा खाडा उचलीवर चढतोय. तो रडला नाही, प्यायला लागला. त्याच्याशी कुणी बाळाबद्दल बोललंच नव्हतं, सगळे "बायकोला सांभाळ" म्हणाले. टोळीतल्या दोघांनी मुकादमाशी बोलून दहाव्यापर्यंतचा खाडा माफ करून घेतला. हे काम बाहेरच्या माणसाने केलं असतं तर बिघडलं असतं. मग प्रश्न आला : बायकोला फडावर न्यायचं का? घरच्यांचं म्हणणं, मन रमेल. डाव्या छातीचा संसर्ग ताजा, पाचटाच्या कोपीत राहणं, पहाटे चारला उठून मोळ्या. पण घरी टोमणे. तिला विचारल्यावर ती म्हणाली माहेरी, आंबाजोगाईकडे, महिनाभर. तसंच केलं. तिकडच्या आशाताईला फोन गेला आणि औषधाची चिठ्ठी, शवविच्छेदनाची प्रत, डिस्चार्ज कार्ड यांच्या झेरॉक्स पिशवीत दिल्या.

दुःख कुठवर, आजार कुठून

पहिले आठवडे बाळाचं रडणं कानात येणं, हात रिकामे दुखणं, दुसऱ्याचं बाळ पाहवत नाही, हे दुःखच आहे. त्याला गोळी नाही. झोपेची गोळी तर मुळीच आणून देऊ नये. काळजी कशाची करायची : थकूनही सलग रात्री डोळा न लागणं, अन्नपाणी सुटणं, दुसऱ्या लेकराकडे न बघणं, भलतंच दिसणं-ऐकणं आणि त्याबद्दल खात्री असणं, "मलाबी त्याच्याकडं जायचंय". असं ऐकलं की सरळ विचारावं, "जीव द्यायचं मनात येतंय का?" विचारल्याने कल्पना डोक्यात जात नाही. आणि त्याच दिवशी फवारणीचं औषध घरातून बाहेर, शक्यतो दुसऱ्याच्या कुलपात. आपल्या भागात हे सर्वांत आधी करायचं काम आहे.

सहाव्या आठवड्याला नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत तिचे 14 गुण आले. 10 किंवा जास्त असले तर पुढे पाठवायचं. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचाराला, शून्याशिवाय काहीही असलं तर गुण न मोजता त्याच दिवशी. तिचा नववा शून्य होता. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात दोनदा नेलं, मधल्या काळात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोलणं ठरवून दिलं. हा क्रमांक चोवीस तास, फुकट, मराठीत चालतो. फोन एकच, तोही सासऱ्याचा, म्हणून माहेरी असताना भावाच्या फोनवरून. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी 2015 पासून प्रेरणा प्रकल्प आहे. समुपदेशनाची तीच माणसं अशा घरालाही उपयोगी पडतात, विचारून बघावं.

कागद आणि पुढचं

जन्म आणि मृत्यू, दोन्ही नोंदी 21 दिवसांत, विनाशुल्क : जन्माची जिथं जन्म झाला तिथं, म्हणजे इथं रुग्णालयाकडून, आणि घरी झालेल्या मृत्यूची ग्रामपंचायतीत. त्यानंतर विलंब शुल्क, वर्ष उलटलं तर महसूल अधिकाऱ्याचा आदेश. मृत्यूचं अंतिम कारण आलं नाही म्हणून नोंद अडत नाही. जन्माच्या नोंदीत आधी नाव घालून घ्यावं, म्हणजे दाखल्यावर "बालक" ऐवजी नाव येतं. आईला हा कागद लागतो. योजनेसाठी नाही, तिच्यासाठी.

झोपवण्याच्या सुरक्षित पद्धती (उताणं, सपाट टणक अंथरुणावर, मोहरीची उशी नको, तोंडावर पांघरूण नको, आईच्या हाताशी पण स्वतंत्र जागेवर, धूर-तंबाखूपासून दूर) या घरी पहिल्या महिन्यात सांगायच्या नाहीत. अंगणवाडीच्या बैठकीत सगळ्यांना सांगाव्यात, तेही ती नसताना.

पुन्हा असंच होईल का, हा प्रश्न तिसऱ्या महिन्यात आला. बहुतेक घरांत होत नाही. इथं मात्र नात्यातलं लग्न आहे, त्यामुळे चयापचयाचा आनुवंशिक दोष आणि हृदयाच्या ठोक्याचा आनुवंशिक आजार यांचा विचार करावा लागतो. दोन्ही घरांत आणखी कुणी लहान वयात अचानक गेलं होतं का, ते विचारलं. आईची एक आत्या आठ महिन्यांची असताना गेली होती. म्हणून थोरल्या मुलीचा ईसीजी काढला, तो ठीक आला. पुढचं बाळ झालं तर जन्मानंतर 48 ते 72 तासांत टाचेच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी, असं दोघांच्या फाइलवर लिहून दिलं आहे.

व्हिसेराचा अहवाल नवव्या महिन्यापर्यंत आलेला नव्हता. सासऱ्याने ठाण्यात दुसरा अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. अहवाल आला की समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने तो दोघांना एकत्र बसवून वाचून दाखवायचा, हे वहीच्या मागच्या पानावर आठवी ओळ म्हणून लिहिलेलं आहे.